खांब नंबर एकेचाळीस

बोर्डातून निवृत्त झालो तेव्हा सोसायटीनं
एक जाड डायरी दिली,
प्रत्येक पानाच्या तळाशी सुविचार.
सुविचाराच्या वर जागा बरीच होती.
मी पाखरं लिहायला लागलो.

पत्ता खांबाचा. दुसरा मला येत नाही.
सुप्याच्या माळावर तीस वर्षं तारा ओढल्या, त्यामुळे
खांब बारा: नीळकंठ, एकटा.
खांब सतरा: कापशी घार, पंख मारत एका जागी.
खांब तेवीस, ताणावर: कोतवाल, तीन.
डीपीच्या पेटीत सरडा. जिवंत.
(जिवंत हे मुद्दाम लिहावं लागतं.)

त्याच डायरीत मागच्या पानापासून उलटी
साखर आणि बीपी.
उपाशीपोटी एकशे बासष्ट. जेवल्यावरचं विचारू नका.
इंदूचे गुडघेही तिथंच, तारीखवार:
आज उजवा वाजला, आज दोन्ही,
आज मांडी घालून भाकरी थापली, नंतर रडली.
ती म्हणते, रेशनचा हिशेब कधी
इतका नीट ठेवला नाहीत.

पौषात, उजाडायच्या आधी,
वनखात्याच्या पाणवठ्याकडं जाताना
खांब एकेचाळीसपाशी काहीतरी उभं होतं.
राखाडी. कुत्र्याहून उंच,
किंवा कुत्र्याएवढंच, आणि जवळ.
माझ्या डाव्या डोळ्यात तेव्हा दूध पडलं होतं,
चंद्र दिसायचे तीन.
घरी येऊन लिहिलं: लांडगा.
चहा प्यालो.
पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

येसू कोळपेला विचारलं. त्याची मेंढरं तिकडंच बसतात.
शेपूट?
खाली.
चालला कसा?
घाई नसल्यासारखा.
वळून बघितलं त्यानं?
दिसलं नाही मला.
येसू तंबाखू थुंकला.
मग आधी डोळा दाखव, म्हणाला,
लांडगा काय, तो हायेच.

हडपसरला शिबिराची जीप गेली, आम्ही बावीस जण.
नर्सनं कपाळावर चिकटपट्टी लावली,
पेनानं लिहिलं: डावा, १९.
जन्मभर खांबांना नंबर रंगवले मी,
आज माझी पाळी.
शेजारची म्हातारी विचारत होती,
काढलेला पडदा घरी देतात का.
तांबोळी मॅडम हसल्या नाहीत,
नाही हो आजी, म्हणाल्या, तो विरघळतो.

मग हिरवं फडकं, दिवसातून सहा वेळा थेंब,
वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही,
डोक्यावरून पाणी नाही.
इंदू गुडघ्यांवर हात ठेवून उठायची,
माझा डोळा उघडून धरायची,
आणि नेमकी थेंब गालावर पाडायची.

पट्टी निघाली त्या दिवशी
कोळिष्टकं दिसली, कपाटाला गेलेला तडा दिसला,
तिच्या हनुवटीवरचा केस.
कधी पिकलीस गं एवढी, मी म्हणालो.
तुमचा डोळा नवा, ती म्हणाली. मी जुनीच.

आता रोज पहाटे एकेचाळीसला जातो.
चंडोल दिसतो, वर चढताना त्याचा गळा फुगलेलासुद्धा.
चिंकारांच्या लेंड्या. दारूची बाटली.
प्लॉटिंगचे पांढरे दगड, ओळीत,
मागच्या महिन्यापेक्षा चार जास्त.
खांबावरचा माझाच आकडा, एकाचं शेंडकं उडालेला.
एवढं लख्ख दिसतं,
आणि तो येत नाही.

चैत्रात येसूचं एक कोकरू गेलं.
पंचनाम्याला गेला नाही.
कुणाला सांगू नको, म्हणाला,
लोक लगेच विष घेऊन येतात.
त्याचाबी वाटा असतो. धर, तुझं प्रश्नचिन्ह खोड.

रात्री खोडरबर घेऊन बसलो.
पण कोकरू त्याचं गेलं, बघितलं त्यानं.
मी बघितलं होतं ते दुधातून.
रबर परत नातीच्या दप्तरात ठेवलं.

पुढून पाखरं येतात, मागून साखर,
मध्ये कोरी पानं उरलीत एकोणतीस.
इंदू म्हणते, नवी वही आणा की.
बघू.

आजची नोंद. खांब एकेचाळीस: वारा.
टिटवी ओरडली, कशावर ते कळलं नाही.
उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस.
इंदूचा डावा गप्प आहे.