सदतीस

चोडणहून एस्मेराल्दाबाईंचा फोन,
रायबंदरात माझं शटर अर्धं ओढलेलं.
"एकोणचाळीस," म्हणतात, "आणि वर चार रेघा."
त्यांचा पारा अजून काचेचा,
पोर्तुगीज अमदानीतला, नर्सिंग संपताना मिळालेला.

डॉक्टर धुम्यांना फॅरनहाइटच लागतं.
उकाडा चालतो सेल्सियसमध्ये,
माणूस नाही.

दुप्पट करा. दहावा हिस्सा काढा. बत्तीस मिळवा.
बिलाच्या पाठीवर मांडतो:
अठ्ठ्याहत्तर आणि वर आठ,
त्यातून जवळजवळ आठ गेले...
एकशे तीनला किंचित कमी.
धुमे म्हणतात, अर्धी नको, अख्खी गोळी दे.

फेरीबोटीत मी, दोन स्कूटर,
मासळीची रिकामी पाटी.
मांडवीवर वारा. किती असेल, पंचवीस?
पन्नास, पंचेचाळीस, सत्त्याहत्तर.
खोड लागली की सुटत नाही.

कायतानबाब खाटेवर,
चादरीबाहेर फक्त नाक.
बाई मला दारातच अडवतात:
"तुमचा आकडा ह्याच्यासमोर नको.
एकशे तीन ऐकलं तर हा मरेल.
एकोणचाळीसवर आजवर
चार वेळा जगलाय."

पहाटे उशी भिजली.
बल्बखाली नळी फिरवत, एक डोळा मिटून
त्या रेघ शोधतात.
बराच वेळ.
"सदतीस."

मी तोंडातल्या तोंडात:
चौऱ्याहत्तर, त्यातून सात आणि...

"राहू दे रे ते," म्हणतात,
"पेज उकळलीय. खारा बांगडा भाजू?
पहिली बोट सुटायला वेळ आहे."