आठवा कंदील

ईरी सरोवराच्या काठावर, ओहायोत,
सप्टेंबर आला की पार्क लवकर मिटतं.
मी रात्रपाळीची मेकॅनिक.
बोगद्यात शिरते तेव्हा नावा
एकमेकींना टेकून झोपलेल्या असतात,
आणि पाण्याला क्लोरीनचा वास.

आठ वळणं. आठ म्हातारे. चेहरा एकच.
अंगात फायबर, पोटात हवेच्या नळ्या, नाव नाही.
सात वळणांवर तो कंदील उंच धरायचा,
आठव्यावर आपल्याकडे पाठ करून
पाण्याकडे बघत राहायचा.
का, ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

वेंडेल क्रुपिन्स्की, काचेच्या कारखान्यातून निवृत्त,
दर रविवारी टोलेडोहून येणार, चार फेऱ्या मारणार.
म्हणायचा, भाऊ बुडालाय त्याचा. त्याला शोधतोय.
ओडेसा टिबेट्स शाळेची बस चालवते. ती म्हणायची,
भाऊबिऊ काही नाही, मेलेले आपणच.
त्याला बघवत नाही, म्हणून पाठ फिरवतो.
व्हिनेगर शिंपडलेल्या फ्राइजवर
वीस वर्षं हा वाद. फ्राइज गार व्हायच्या, वाद नाही.

मग पार्क विकलं गेलं.
फिडविक येणार, असं जाहीर झालं. फिडविक म्हणजे पाणमांजर:
तीन सिनेमे, नाश्त्याचं सीरिअल, दातांची पेस्ट.

शेवटच्या दिवशी रांग तिकीटघराच्याही मागे.
वेंडेलचा आवाज चढलेला:
"गोष्टीवर कंपनीचा शिक्का बसला की
ती गोष्ट राहत नाही, दुकानाची पाटी होते!"
पुढचा एक जण वळला. डेरियस. खांद्यावर मुलगी.
"काका, तुमच्या म्हाताऱ्यापायी ही तीन रात्री झोपली नाही.
पाणमांजराला निदान नाव तरी आहे."
सगळे ओडेसाकडे बघायला लागले.
ती म्हणाली, "माझ्या बसमधली पोरं
त्याच पाणमांजराची दप्तरं घेऊन चढतात.
रडत चढत नाहीत."
वेंडेल त्या दिवशी एकटाच नावेत बसला.

मी गुळणी धरून उभी होते.
कंदिलावरचा रंग खरवडला की खाली
एक लाल वीज निघते, सेलच्या कंपनीची.
तिच्याच पैशांवर बोगदा खणला होता,
सेल खपावेत म्हणून म्हातारा जन्माला आला.
आणि आठव्याच्या मानेत एका चाकाचा दात तुटलेला.
तो पाण्याकडे बघून मागे वळणार होता,
आपल्याकडे बघून हसणार होता.
एकाहत्तर सालच्या वहीत लिहिलंय: भाग मागवला आहे.
आलाच नाही.
हसू मात्र चेहऱ्यावर होतंच, अंधाराकडे तोंड केलेलं.
पुसायला मी रोज पलीकडून जायची.
माझ्याशिवाय ते कुणी पाहिलं नाही.

हिवाळ्यात सरोवर गोठलं.
आम्ही कातडी सोलल्या, सांगाड्यांवर फर चढवली.
नवं चाक नायलॉनचं. मीच बसवलं,
तेल घातलं, तीनदा फिरवून पाहिलं.
काम चोख झालं, हेही सांगायला हवं.

मे महिन्यात वेंडेल आला.
पहिल्या रांगेत, कडेला. मागे पॉपकॉर्न खाणारं एक कुटुंब.
आठव्या वळणावर फिडविक मऊसूत वळला,
हसला, पंजा हलवला.
वेंडेलने नावेच्या कडेवर हात ठेवला
आणि सावकाश, गुडघे सांभाळत,
त्याच्याकडे पाठ केली.
पाण्याकडे बघत राहिला.

मागची बाई खाता खाता थांबली.
काय आहे तिथे, म्हणून तीही वळली. मग तिचा मुलगा.
मग सगळी नाव.
पाणमांजर पाठींकडे बघून पंजा हलवत होतं.

मी वरच्या लोखंडी फळीवर उभी.
हातातला टॉर्च कधी उंच धरला, कळलं नाही.
आत सेल कुठल्या कंपनीचे होते,
पाहिलं नाही.