डागाची शेपटी

ओहायोत ऑक्टोबर. मका कापून झालाय,
धसकटांवर दव गोठलंय,
आणि जत्रेच्या मैदानात पहाटे पाचपासून
पिकअपची फळकुटं खाली पाडून
आम्ही जुन्या सायकली मांडून बसलोय.

माझ्याकडे एकच. 'मीटिअर', लाल आणि सायीच्या रंगाची,
पोटाशी टाकी, टाकीत भोंगा (सेल नाही, म्हणून मुका),
टायरांना पांढरी किनार.
बावन्न सालची नव्हे. तिची नक्कल,
कंपनीने शंभरीला काढलेली, पंच्याण्णवची.
मर्लने ती खोक्यासकट तळघरात उतरवली
आणि तीस वर्षं कुणाला शिवू दिली नाही.
भाव वाढेल म्हणायचा.
वाढला. बघायला तो उरला नाही.

गिऱ्हाईक आधी रंग बघत नाही, वाकतं,
बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचतं:
'अमेरिकेत जुळवलेली'.
"जुळवलेली आणि बनवलेली यांच्यामध्ये
अख्खा पॅसिफिक आहे, बाई,"
असं म्हणून एकाने नऊशेचे सहाशे केले.
त्याची स्वतःची मात्र अस्सल, शेजारीच उभी होती:
आरे नवे, रिमा नव्या, सीटचं कातडं नवं,
रंग मागच्या उन्हाळ्यातला.
बावन्नचा फक्त कपाळावरचा बिल्ला,
तोही दुसऱ्या सायकलीचा.

साडेनऊला लोवेल डिटमर आला.
एक्याऐंशीचा, कानटोपी, थर्मास.
नदीपलीकडच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं सांगाड्यांना डाग देत होता.
तिथे आता मांजरांच्या खाद्याची गोदामं आहेत.
त्याने पट्टी वाचली नाही.
हातमोजा काढला आणि
पायडलच्या धुऱ्याखाली, जिथे तीन नळ्या भेटतात,
तिथे अंगठा नेला.
अंगठा तिथेच राहिला.

कॉफी गार झाली तेव्हा म्हणाला:
एकोणऐंशीत त्यांनी मला चांगह्वाला पाठवलं, सहा आठवडे.
शिकवायला.
आपण कुणाच्या हातात काय देतोय
हे न कळण्याइतका मी खुळा नव्हतो.
पण तिकीट त्यांचं होतं, आणि घराचे हप्ते माझे.

अकरा जण होते. त्यातली एक, त्साय श्यौ-चिन,
बाह्या जाळून घ्यायची, प्रश्न विचारायची नाही,
ज्योतीकडे बघायची नाही,
नुसतं माझं मनगट बघायची.
आणि माझं मनगट वाकडं,
नवव्या वर्षी माळ्यावरून पडलो तेव्हापासून.
सांधा संपताना हात डावीकडे ओढला जातो,
पितळेला बारीक शेपटी सुटते.
मुकादम वीस वर्षं शिव्या घालत होता त्या शेपटीला.
तिचं मनगट तर धडधाकट होतं.

"लाव हात," म्हणाला.
मी लावला. रंगाखाली,
तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी
डावीकडे वळून थांबलेलं.

तिचंच असेल, की तिच्या हाताखालच्या कुणाचं,
जिला वाटलं असेल, डाग असाच संपवायचा असतो?
त्यालाही माहीत नव्हतं.
ती आहे का, तेही.
"माझ्यापेक्षा सफाई आहे," एवढंच बोलला,
आणि ते बोलायला त्याला
जरा वेळ लागला.

मग विचारलं, बसू का.
नाही म्हणायला हवं होतं.
न वापरलेल्या सायकलीचा भाव
पहिल्या फेरीत निम्मा होतो,
आणि तीस वर्षांच्या रबराचा काय भरवसा.
शेजाऱ्याचा पंप आणला. दोघांनी हवा भरली.

तो कुंपणापर्यंत गेला, धसकटांच्या कडेकडेने,
गुडघे बाहेर काढून, पोरासारखा अजिबात नाही,
म्हाताऱ्यासारखाच, जपून.
वळताना पुढच्या टायरची पांढरी किनार
तडकलेली मला इथूनही दिसली.

अस्सलवाला हळहळला. "गेले तीनशे," म्हणाला.

किमतीची चिठ्ठी मी फाडली नाही.
वारा होता. उलटी करून
थर्मासखाली ठेवली.