शेपटीची फुली

आलास? ये. आधी हातांना तेल चोळ.
तेलाची इथं वाण नाही,
खापराखापराला बोटभर चिकटलेलं असतं, खवट.
न्हाणीघरात पाव आस मोजून तासभर अंग घासलं
तरी हा वास जात नाही. माझ्या बायकोनं
तो नवऱ्याच्या हिशेबातच धरलाय.

क्रेसिमस ना तू? मी सुक्केसुस.
मालकांनी ठेवलेली नावं : तू 'उपयोगी', मी 'यशस्वी'.
मान वर करून बघ माझं यश,
वीस पुरुष उंच, आणि अजून वाढतंय.

हे गाढव म्हणजे कॉन्सुल.
लुर्को मुकादमासमोर या नावानं हाक मारू नकोस.
खरे कॉन्सुल दरसाल बदलतात,
याचं नववं वर्ष चाललंय, आणि हा चावतो.

आता काम ऐक.
घागरी येतात बाइतिकाहून, समुद्र ओलांडून,
मग तिबरच्या उलट्या धारेनं, बैलांनी ओढलेल्या नावांतून.
दिवस भरलेल्या बाईसारख्या गोल.
कोठारात तेल उपसून घेतात. माती मात्र तेल प्यायलेली,
पुन्हा काही भरलं तर नासतं.
म्हणून फोडायच्या. वर नेऊन, खाली नव्हे,
लुर्कोनं मोजल्यावर.
मानेला एक घाव, पोटाला दोन. रागानं मारू नकोस,
रागानं चुरा होतो, चुऱ्यावर पाय घसरतो.
तुझ्या आधीचा असाच गेला, फेब्रुवारीत.
हो, तुझी टोपली त्याचीच.

खांद्यावर ही काळी अक्षरं दिसतात?
मला वाचता येत नाही. माझ्या पोरीला यायचं.
मेलितिने दुपारी वाटाण्याची पेज घेऊन यायची
आणि मी जेवेस्तोवर घागरी वाचत बसायची :
रिकामं वजन, भरलेलं वजन, व्यापाऱ्याचं नाव,
कुठल्या गावी तोललं, कुणी तोललं.
कुणी शिकवलं नाही तिला. या उकिरड्यावर शिकली,
कोळशानं खापरावर गिरवून गिरवून.
दहाची फुली काढताना एक पाय लांब ओढायची,
उंदराच्या शेपटीसारखा. मी हसायचो.
'बाबा, आकड्याला हसू नये,' म्हणायची.

लुर्कोनं पाहिलं. लुर्कोनं मालकाला सांगितलं.
लिहिता येणारी पोर आणि पेज वाहते!
हिस्पालिसच्या तेलव्यापाऱ्याला विकली,
किंमत चांगली आली म्हणतात.
नाव सुटली तेव्हा मी इथंच होतो, वर.
इथून नदी चांगली दिसते. तेवढं एक बरं आहे या जागेचं.

त्याला पाच वर्षं झाली.
दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक घागर आली,
तिच्यावर शेपटीची फुली.
मग वर्षभर काही नाही.
मग एकाच नावेत दोन.

असेल दुसऱ्या कुणाची सवय. बायको तेच म्हणते.
हिस्पालिसला काय एकच हात लिहितो?
पण तिनंही परवा विचारलं,
शाई कशी होती, दाट की पातळ.
दाट होती, म्हटलं. बरं, म्हणाली,
आणि सहा मजले उतरून पाणी आणायला गेली,
घडा भरलेला असताना.

तर तुझं काम एवढंच.
सगळ्या फोड. फुलीला शेपूट दिसली
तर थांब, मला हाक मार.
नाही रे, ठेवून कुठं घेणार?
लुर्को मोजतो.
फोडायचीच असते.
फक्त ती मी फोडतो. अक्षरांच्या बाजूनं घाव नाही घालत.

चल. चुन्याची टोपली उचल,
तोंडाला फडकं बांध, दोन पदरी.
वारा नदीकडून आहे,
डोळ्यांत गेला तर चोळू नकोस.