डाव्या कानामागे

आधी आंघोळ घालायची नाही.
हे मला उशिरा कळलं,
दोन जटा ओल्या होऊन नमद्यासारख्या घट्ट बसल्यावर.
पाण्याने गुंता सुटत नाही, आवळतो.

डलूथमध्ये फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस.
तळं गोठलंय, त्यावर खोपटी उभारून
माणसं भोकातून मासे धरतायत,
आणि कुत्र्यांच्या पार्लरवाली मिसेस लिंडक्विस्ट
त्याच बर्फावर घसरून हात मोडून घरी बसलीय.
म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर योगाची चटई,
चटईवर वॉफल,
वॉफलच्या तोंडाशी विद्याधर, चमचाभर पीनट बटर घेऊन.
"आटप लवकर," तो म्हणतो, "बाटली संपत आलीय."

वॉफल गार्गीचा. नाव तिचं, हट्ट तिचा,
आणि तीन वर्षांनी ॲरिझोनाला निघताना
"हॉस्टेलवर कुत्रा चालत नाही गं" हेही तिचंच.
पूडलचे केस गळत नाहीत, म्हणाली होती.
खरं आहे. घरात एक केस सापडत नाही.
गळलेलेसुद्धा त्याच्याच अंगावर राहतात,
उरलेल्यांना धरून.

वरून हात फिरवला तर कापूस.
फणी आत घातली की कानामागे,
काखेत, पट्ट्याखाली
अडते.

तर गाठ मुळाशी चिमटीत धरायची,
ओढ लागलीच तर आपल्या बोटांना लागावी,
कातडीला नाही.
मग टोकाकडून सुरुवात. शेवटचं अर्धं पेर.
ते मोकळं झालं की त्याच्या वरचं अर्धं.
फारच हटून बसली तर चिमूटभर कॉर्नस्टार्च,
तोच, सूप दाट करायचा.
वॉफल उसासा टाकतो, पण पाय काढून घेत नाही.

सकाळचे सव्वासात. पिवळी बस कोपऱ्यावर आलेली.
माझ्या गुडघ्यांत अडकवलेली आठ वर्षांची पाठ,
कमरेपर्यंत केस. मिरवायचे मी, वाढायचे तिच्या डोक्यावर.
मी वरून फणी ओढायचे, एका दमात खाली,
माझी ओढली जायची तशीच.
मुळाशी धरायला हात नव्हता,
दुसऱ्या हातात डब्याचं झाकण.
"रडतेस काय, केसच तर आहेत."

चौदाव्या वर्षी तिने बाथरूममध्ये
नखांच्या कात्रीने वेणी कापली.
किती वेळ लागला असेल त्या कात्रीला!
सिंकमध्ये ठेवली होती, नीट,
दोन्ही टोकांना रबरबँड लावून.
मी आठ दिवस बोलले नाही तिच्याशी.
वेणी मात्र टाकली नाही. आहे कुठेतरी
हिवाळी मोज्यांच्या खणात.

मशीन तापतं. दर दोन मिनिटांनी
पातं मनगटावर टेकवून बघायचं,
बाटलीतलं दूध बघायचो तसं.
तोंड साफ झालं आणि आतून निघाला
एक किडकिडीत, चकित म्हातारा,
ज्याला आम्ही दोघंही ओळखत नव्हतो.
पंजे उंदराचे. शेपटीचा गोंडा
थोडा डावीकडे कललेला. अंगावरची लोकर मी राखली,
मार्च संपेपर्यंत लागेल.

संध्याकाळी फोनवर गार्गी हसून हसून लोळली.
"आई, एक कान आखूड झालाय!"
मग, "ओरडला का गं?"
नाही म्हटलं. टोकाकडून सोडवत गेले.
"हं," म्हणाली. तिकडे कुणीतरी दार वाजवलं,
"आले आले," आणि परत माझ्याकडे वळून,
"त्याला स्वेटर घाल."

घातला.
डाव्या कानामागची एक गाठ राहिलीय.
त्याचे मागचे पाय थरथरायला लागले होते,
म्हटलं आज पुरे.
टेबल पुसताना बाटली उघडून पाहिली.
संपत वगैरे काही आलेली नाही.
तळाशी अजून चांगले चार-पाच चमचे आहेत.