कोरी नळी

संमतीपत्राचं मराठी मीच केलं होतं.
आठ पानं, त्यात 'सूक्ष्मजीव' अकरा वेळा.
रेमेडिया मिस्किटा, गोराई, वय एकसष्ट,
चौथ्या पानावर चष्मा काढून म्हणाल्या,
म्हणजे गाठीत कोणी राहतंय?

राहत असावं, मी म्हटलं.
आतड्यातून उलट्या वाटेने, एका अरुंद नळीतून
जंतू स्वादुपिंडापर्यंत चढतात, असं दिसलंय.
बुरशीसुद्धा.

आमच्यात लग्नाच्या आदल्या रात्री, त्या म्हणाल्या,
फुग्यांचं पीठ ताडीत भिजवतात.
झाकून ठेवायचं. उघडून बघायचं नाही.
सकाळी फडकं वर आलेलं असतं.
तसंच ना?

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
पेन पुढे केलं.

तुकडा बर्फात आला, परळच्या तळघरात.
तांदळाच्या कणीएवढा.
तोंडातून, जठरातून गेलेल्या सुईने आणलेला.
त्याच्यावर नाव नाही, आकडा : सत्तेचाळीस.

या अवयवाचं नाव ज्याने ठेवलं
त्याच्या मनात काय होतं कोण जाणे.
स्वादु, आणि लगेच पिंड.
चव आणि दहावा दिवस एकाच शब्दात,
मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

वर आठव्या मजल्यावर त्यांना जेमसायटाबिन चालू होतं,
गुरुवार, गुरुवार, गुरुवार, मग एक कोरा.
खाली मी वाचत होते :
काही जंतूंकडे एक विकर असतं,
ते या औषधाच्या रेणूचा एकच कोपरा खुडतं.
बाकी सगळं जागच्या जागी.
रंग नाही, वास नाही, कुणाला कळत नाही,
फक्त आता ते कुणाला मारत नाही.
केस मात्र गळत राहतात. उलट्या होत राहतात.

पहिल्या फेरीत चौदा नावं निघाली.
मी खुर्चीतून उठले, खोटं कशाला बोलू.
मग कोरी नळी पाहिली.
तिच्यात तुकडा नव्हताच, नुसतं निर्जंतुक पाणी.
तिच्यात नऊ.
तीच नऊ.

म्हणजे ते पाण्यातले, प्लास्टिकमधले, हवेतले,
माझ्या मनगटावरचे.
फणसळकर सर म्हणाले, वजा कर.
केले.
पाच उरले. त्यातल्या दोघांवर सरांचा विश्वास नाही.

जेट्टीवरून फोन आला, मागे होडीचं इंजिन.
कोण निघालं मग?
तिघं, मी ओरडून सांगितलं. नक्की म्हणावेत असे तिघं.
तिघंच? एवढ्या दुखण्याला?
मग बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.
ते आधी आले की गाठ आधी?

माहीत नाही.
गाठीने त्यांना आसरा दिला
की त्यांनीच बसल्या बसल्या गाठ बांधली,
पहारेकरी पेशींना गप्प कुणी केलं,
आणि काही थोड्या माणसांच्या गाठीत
नाना जातींचा गजबजाट असतो आणि ती माणसं जास्त जगतात,
ते का,
माहीत नाही.
हे सगळं होडीच्या आवाजात कसं सांगणार.
पुढच्या गुरुवारी या, एवढंच म्हटलं.

त्या चार गुरुवार आल्या.

सत्तेचाळीस अजून उणे ऐंशीला आहे.
वीज गेली की फ्रीजर कोकलतो, आणि मी
रात्री दोन वाजता रिक्षाने येते,
कुणासाठी ते विचारू नये.
वजा केलेली नऊ नावं वेगळ्या फाइलीत आहेत.
फाइलीचं नाव 'प्रदूषण'.
निबंधात ती तळटीपेतही येणार नाहीत.

डिसेंबरात त्यांची लेक येऊन गेली,
रिपोर्ट मागितला नाही, स्टीलचा डबा ठेवून गेली.
आईने सांगून ठेवलं होतं, तळघरातल्या मुलीला द्यायचे.

प्रयोगशाळेत खायला बंदी आहे.
मोजे काढले, जिन्यात उभी राहिले
आणि फुगे खाल्ले,
हात न धुता.