न दिसल्याची खूण

माझ्या वाट्याला एकच रेघ होती.
कंपूच्या हॉलमध्ये, चार नंबरच्या कोर्टावर,
कोपऱ्यातल्या खुर्चीपासून नाकासमोर जाणारी,
पांढरी, चार बोटांहून थोडी कमी रुंद.
उरलेला सामना माझा नव्हता.
वीज मंडळात दोन दिवसांची रजा टाकून
मी एक रेघ बघायला आले होते.

जानेवारी. ग्वाल्हेरचं धुकं असं की
मुरारहून येणाऱ्या टेम्पोचा आधी आवाज, मग दिवा.
आत इंडोनेशियाच्या मुली
मोज्यांवर मोजे चढवून
एकमेकींच्या तळव्यांवर फुंकर घालत बसलेल्या.
थंड हवेत फूल लवकर पडतं,
म्हणून डबा अठ्ठ्याहत्तर नंबरचा उघडला,
जरा वेगाचा.
पिसं तीच, सोळा.

तिचं नाव रेत्नो तिर्तानिंग्रुम.
पंच दोनदा अडखळले.
मी मनात सहज म्हणून पाहिलं :
रत्न, तीर्थ.
आपल्याच घरातून कधीकाळी गेलेली भांडी
कुणा परक्या ओट्यावर घासूनपुसून ठेवलेली दिसावीत, तसं.

समोर आमची दाणाओळीतली वैदर्भी.
तिसरा गेम. एकोणीस–वीस.
गॅलरी पायांनी वाजत होती.

रेत्नो उडाली म्हणतात.
मी पाहिलं नाही, मला रेघ होती.
फक्त बुटाची किंचाळी ऐकली, तातीचा कडाका,
आणि माझ्या रेघेवर
वैदर्भीचा वाकलेला गुडघा येऊन उभा राहिला.
त्याच्या पलीकडे कुठेतरी
फूल टेकलं.

खुणा तीनच असतात.
आत असेल तर हात रेघेकडे.
बाहेर असेल तर दोन्ही हात पसरायचे.
आणि दिसलंच नसेल तर
दोन्ही तळवे डोळ्यांवर.

ही तिसरी मी कधी केली नव्हती.
परीक्षेतसुद्धा अर्धीमुर्धी करून निभावली.
बावन्नाव्या वर्षी, भरल्या हॉलमध्ये,
लहान पोरासारखे डोळे झाकायचे?
हात आपसूक पसरले.
तोंडातून 'आउट' निघालं, खणखणीत,
खरं बोलताना कधी निघत नाही इतकं.

ती वाद घालायला आली नाही.
जाळ्यावरून हात मिळवला
आणि तोच हात हलकेच छातीला लावला.
फूल उचललं, एक मोडकं पीस सरळ केलं,
पंचांच्या खुर्चीखाली ठेवलं.
मी रेघेकडे बघत होते.
रेघ काही बोलत नव्हती.

रात्रभर कूस बदलत राहिले.
पहाटे सहाला त्यांची बस होती, दिल्लीची.
मी पावशेर गजक घेऊन गेले.
काय सांगणार होते, कुठल्या भाषेत,
ठरलं नव्हतं.

त्यांचे म्हातारे मॅनेजर मला ओळखून हसले,
"हाकिम गारिस!"
हवेत बोटानं रेघ ओढून दाखवली : गारिस.
हाकीम तर आपल्याही कचेऱ्यांत होऊन गेले.
मग मी माझ्या डोळ्याला बोट लावलं, छातीला लावलं,
जो बघतो आणि सांगतो त्याला काय म्हणता?
त्यांनी थोडा विचार केला.
"साक्सी," ते म्हणाले.

गजकचा पुडा माझ्या हातात कुरकुरला.

रेत्नोने एक तुकडा मोडला, दुसरा मैत्रिणीला दिला.
तिळाचा दाणा हनुवटीवर राहिला.
पायरीवर चढताना ती वळली
आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले.
तीन-चार श्वास.
मग बोटं फाकवून, मधून माझ्याकडे पाहिलं.

थंडीनं पाणी आलं असेल डोळ्यांना.
झोप असेल.
मी विचारलं नाही,
बस निघाली होती.
धुक्यात आधी दिवा गेला, मग आवाज.

त्यानंतर तीन स्पर्धा झाल्या.
दोनदा मी डोळे झाकले.
दोन्ही वेळा खरंच काही दिसलं नव्हतं.
पंच वैतागतात.
जेवणाच्या पाकिटाशी उभे असताना म्हणतात,
मोहिते मॅडम, चश्म्याचा नंबर बघून घ्या एकदा.